कोंबांचा पुरावा

त्या राज्यात मीठ खाली होतं आणि ते खाणारे वर होते. खाली खाडी, वर डोंगरमाथा, आणि मधला सगळा चढ दंताळशेठ नावाच्या हत्तीच्या बैलांच्या पायांखाली. शेठची पेढी खाडीचं मीठ टोपल्यांत भरून माथ्यावरच्या सांबरांना पोचवी. सांबरं मीठ चाटत आणि सुखानं डोळे मिटत. मीठ संपेपर्यंत ते उघडण्याची त्यांना गरज पडत नसे.

चढाच्या मध्यावर, नदीच्या वळणावर, बांबूचं एक मोठं बेट होतं. त्याच्या मुळांखाली बीळ करून साळू नावाची साळिंदर आपल्या पिल्लांसह राहायची. पेढीच्या टोपल्या दुरुस्त करणं हे तिचं काम. टोपली उसवली की बैल तिच्या दारात थांबत. साळू बांबूची कामटी ओवायची, बूड नवं बसवायची, काठ आवळून द्यायची. मीठ उतरवून झालं की सांबरं रिकाम्या टोपल्या त्याच बैलांबरोबर परत पाठवत. नवी टोपली लागलीच, तर बेटाच्या मधला पांढरे डाग पडलेला जून बांबू काढायचा, आणि पावसात जमिनीतून वर येणाऱ्या कोंबाला कुणी हात लावायचा नाही, अशी रीत होती. ती कुणी घालून दिली ते कुणालाच ठाऊक नव्हतं. बहुधा म्हणूनच ती पाळली जात होती.

पुढे सांबरांची भूक वाढली. पेढीनं बैल वाढवले. रिकाम्या टोपल्या खाली आणणं म्हणजे बैलाची पाठ फुकट घालवणं, असं शेठला वाटू लागलं. मग टोपल्या माथ्यावरच टाकून देण्यात येऊ लागल्या, रोज नव्या विणल्या जाऊ लागल्या, आणि चढावरची बेटं एकामागून एक बोडकी झाली. शेवटी साळूचं बेट तेवढं उरलं.

डोंगरमाथ्यावर राहण्याची एक अडचण असते. तिथून सगळं दिसतं. एके दिवशी सांबरांच्या प्रमुख सांबरीणबाई मीठ चाटताना डोळे मिटायला विसरल्या आणि त्यांना खालचा उघडा चढ दिसला. त्यांना फार वाईट वाटलं. त्यांनी निरोप धाडला, "आमच्यापायी रान मरतंय, हे आम्हाला सहन होत नाही. मीठ पाठवत राहा. पण ते घशाखाली उतरताना टोचायला नको."

शेठनं सभा बोलावली. बांड्या नावाचा म्हातारा बैल उभा राहिला. "शेठ, थोडं कमी वाहिलं तर? आणि टोपल्या पुन्हा परत आणल्या, तर साळूआक्का त्या..."

सभेला एकदम खोकल्याची साथ आली. ती ओसरली तेव्हा बांड्या खाली बसलेला होता.

मग रानाच्या भल्याचं खातं राघू पोपटाकडे देण्यात आलं. राघू जन्मतःच हिरवा असल्यामुळे त्याची वेगळी पारख करायची गरज कुणाला वाटली नाही.

"मंडळी," राघू म्हणाला, "रान मरतंय, हा प्रश्नच नाही. रान जिवंत आहे हे वर कळत नाही, हा प्रश्न आहे. तेवढं आपण कळवू." आणि त्यानं उपाय सांगितला. प्रत्येक टोपलीत मिठावर बेटातला एक ताजा कोंब उभा खोचायचा. ज्या रानाला कोंब फुटतात, ते मेलं आहे असं कोण म्हणेल?

शेठनं सोंड उंचावली. ठराव मंजूर झाला.

दुसऱ्या दिवशी राघू साळूच्या दारात आला. "साळूबाई, तुमचं नशीब उघडलं."

"आधी मिटलं होतं का?" साळू म्हणाली.

राघूनं योजना सांगितली. साळूनं हातातली टोपली बाजूला ठेवली. "राघूदादा, कोंब म्हणजे पुढचा बांबू. तो खुडला की बेट तिथंच थांबलं. जुने बांबू वाळणार, मुळं सैल होणार, आणि मग नदी माझ्या बिळात. पिल्लांना अजून पोहता येत नाही हो."

राघूचे डोळे भरून आले. "किती आतून बोललात! हे अस्संच्या अस्सं वर सांगतो." आणि त्यानं खरोखरच सांगितलं. पिल्लं, नदी, मुळं, काही म्हणून वगळलं नाही. कोंब खुडू नका एवढाच भाग जरा लांबण लावणारा होता, तो गाळला. सांबरं ऐकून गहिवरली.

कोंब खुडण्याचं काम साळूलाच देऊ करण्यात आलं. रात्रभर ती पिल्लांकडे बघत विचार करत राहिली. दुसरं कुणी आलं तर ओरबाडून नेईल. आपण खुडलं तर एकाआड एक तरी राखता येतील. सकाळी तिनं होकार दिला. "विरोधकसुद्धा आपल्यात आले," असं राघूनं वर कळवलं.

योजना फार चालली. सांबरांच्या मनावरचं ओझं उतरलं आणि त्यामुळे त्यांना आणखी मीठ जाऊ लागलं. उन्हात कोंब कोमेजतात असं दिसल्यावर प्रत्येक टोपलीत एक जादा कोंब खोचण्यात आला. मग एका सांबराच्या पिल्लानं खेळता खेळता कोंब चावून पाहिला. पुरावा चविष्ट निघाला. पुढचा निरोप आला तो असा, "मीठ थोडं कमी चालेल. पुरावा जास्त पाठवा."

साळूचं एकाआड एक हे धोरण दोनाआड एक झालं, मग पाचाआड. काही कोंब तिनं पाचोळ्याखाली झाकून ठेवले. राघूला ते सापडले. तो रागावला नाही. उलट त्या जागेला त्यानं राखीव वन असं नाव दिलं आणि तिथले कोंब खास सांबरीणबाईंसाठी पाठवायला सुरुवात केली.

"आक्का," बांड्या एकदा दारात दम खात म्हणाला, "पाठीवर मीठ कमी नि तुझं बेटच जास्त असतं गं हल्ली. रोज थोडं थोडं वर नेऊन सोडतोय मी."

"नेतोस ते दिसतंय मला. येताना काय आणतोस?"

"शाबासकी."

"ती टेकायची कुठं? काठ तर खचायला लागलाय."

बांड्या चालू लागला. त्याला पुढच्या खेपेला उशीर होत होता.

शेवटी साळू स्वतः शेठकडे गेली. "शेठ, एक पावसाळा थांबा. फक्त एक. बेट सावरेल, माझी पिल्लं मोठी होतील."

शेठचा चेहरा दुखावल्यासारखा झाला. "अगं साळू, मी थांबलो तर वर काय वाटेल? बेट मेलं, असंच ना? तुझ्या बेटाची अशी बदनामी मला नाही सोसवायची."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी कळलं की सांबरं बेटाचे आभार मानायला खाली येणार आहेत. ती कधी खाली उतरत नसत, त्यामुळे पेढीत धावपळ उडाली. बेटात पाच-सहा वाळके बांबू आणि त्यांच्यामधून दिसणारी नदी, एवढंच शिल्लक होतं. शेठनं पलीकडच्या खोऱ्यातून कोंब मागवले आणि काठावरच्या चिखलात ओळीनं खोचले. बेट इतकं टवटवीत कधीच दिसलं नव्हतं. साळूला धुऊनपुसून उंच खडकावर बसवलं. पिल्लांनाही बिळातून बाहेर काढून शेजारी बसवलं, कारण कुटुंब असलं की पाहुण्यांना बरं वाटतं.

सांबरं आली. नदी भरून वाहत होती. राघू बोलायला उभा राहिला. "हे बेट म्हणजे आमचा श्वास आहे," तो म्हणत होता, तेवढ्यात काठ सुटला. फारसा आवाज झाला नाही. आधी वाळके बांबू गेले, मग साळूचं बीळ गेलं, मग खोचलेले कोंब एकेक ओळ करून पाण्यात उतरले आणि उभेच्या उभे वाहत निघाले. सांबरांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला. त्यांनी खूर आपटून मोठी दाद दिली.

साळूनं पिल्लांना पोटाशी ओढलं. जिथं तिचं दार होतं तिथं आता गढूळ पाणी वळसा घेत होतं.

"फार सुंदर," सांबरीणबाई डोळे पुसत म्हणाल्या. "आता स्वागताचा एक ताजा कोंब द्या, म्हणजे आम्ही निघू."

शेठनं राघूकडे पाहिलं. राघूनं काठाकडे पाहिलं. काठ नव्हता. त्यानं पाण्याकडे पाहिलं, चिखलाकडे पाहिलं, पुन्हा पाण्याकडे पाहिलं. सगळी सांबरं माना पुढे करून थांबली होती.

खडकावर साळूची पिल्लं उडालेल्या पाण्यानं भिजून एकमेकांना बिलगली होती. त्यांच्या पाठींवर काटे नुकतेच फुटू लागले होते. सरळ, फिकट, ओळीनं वर आलेले, टोकाला अजून मऊ.

राघूनं मान तिरकी केली, नीट निरखून पाहिलं, आणि तो अगदी हळू, एकेक पाऊल टाकत, खडक चढू लागला.