पाठीवरचे मार्गदर्शक

त्या मुलखात पाणी पांढऱ्या बैलांच्या मालकीचे होते. पाणी आणण्यात त्यांचा काही हात नव्हता. पण कालव्याच्या तोंडाशी पाणी अडवणारी जी फळी होती, तिच्यावर पिढ्यान्‌पिढ्या त्यांचेच खूर टेकलेले असल्यामुळे मालकीबद्दल कुणी शंका काढत नसे. बैल दुष्ट होते असे मात्र नाही. उलट फार हळवे होते. आपण पांढरे आणि उताराच्या खालच्या अंगाला राहणारी जनावरे काळी-करडी, याचे त्यांना हल्ली मनापासून वाईट वाटू लागले होते, आणि पोटभर वाईट वाटून झाले की त्यांना गाढ झोप लागत असे.

खालच्या अंगाला काजळी नावाची म्हैस एक डोह सांभाळत होती. मोडीत निघालेली जनावरे तिथे येत: पाठ सोललेली गाढवे, लंगडी तट्टे, हाकलून दिलेल्या भाकड शेळ्या. ‘तू कोण’ असे तिथे कुणी कुणाला विचारत नसे. संध्याकाळी सगळी चिखलात बसत आणि उद्या आधी कुणी प्यायचे ते ठरवत. त्या वर्षी डोह आटत चालला. तळाशी थोडेसे पाणी उरले तेव्हा काजळी बैलांच्या दरबारात गेली आणि म्हणाली, “पाणी सोडा. आमची म्हातारी जनावरं मरतील.”

दरबार दचकला. मागणी रास्त होती, पण हा सूर! थोरल्या बैलाला सगळे सरकार म्हणत. त्यांनी वशिंड डुलवले. “बाई, तुमच्यात नेतृत्व आहे. त्याला जरा आकार हवा, एवढंच. आणि तो तुमच्या संस्कृतीला धक्का न लावता द्यायला हवा.” असे म्हणून त्यांनी पाण्याऐवजी तिला एक मार्गदर्शक मंजूर केला.

मार्गदर्शक म्हणजे बगळेसर. काळ्या जनावरांचा त्यांचा अभ्यास दांडगा होता, कारण त्यांची उभी हयात काळ्या पाठींवर गेली होती. आल्या आल्या ते काजळीच्या पाठीवर चढून बसले. “तुमच्या जागेवरून जग कसं दिसतं, ते मला समजून घ्यायचंय,” ते म्हणाले. काजळीला जग बरेच खालून दिसत होते. पण इतक्या मोठ्या मनाचा पक्षी तिने आधी पाहिला नव्हता.

शिकवणी चालता चालता होई, आणि तीही उंच गवतातून. काजळीच्या खुरांनी किडे उडाले की सर ते टिपत आणि मधल्या वेळात शिकवत. श्वास खोल घ्या. कान सैल सोडा. शिंगे असू द्यात, तो तुमचा वारसा आहे, फक्त समोरच्याला दिसणार नाहीत अशी धरा.

“सर, पण पाणी?”

“मागणीनं सुरुवात करायची नसते, काजळीताई. आधी आपली गोष्ट सांगायची. तुम्ही लोक निर्णय कसे घेता, सांगा बघू.”

“कसे म्हणजे? चिखलात बसतो नि बोलतो.”

बगळेसर चोचीतला नाकतोडा गिळायचे विसरले. “चिखलात! अहो, केवढं खोल आहे हे!”

खोल वगैरे काही नव्हते. अंगाची आग होते म्हणून म्हशी चिखलात बसतात, आणि बसल्याच आहेत तर बोलतात. हे तिला सांगायचे होते. पण आपल्या साध्या बसण्याला कुणी खोल म्हटलेले ती जन्मात पहिल्यांदाच ऐकत होती, आणि खोटे कशाला बोला, तिला ते गोड लागले.

इकडे डोहात नुसती ओल उरली. सगळ्यांत म्हातारे गाढव म्हणजे धोंडूतात्या. ते तिला म्हणाले, “काजळे, त्या पाखराला घेऊन किती हिंडणार गं? घशाला कोरड पडलीया आमच्या. सरळ पाणी माग की.”

“तसं नसतं मागायचं, तात्या,” ती म्हणाली. आपला आवाज किती मऊ झाला आहे, हे तिचे तिलाच जाणवले. तात्यांनी मान फिरवली.

अखेर दरबार भरला. कान सैल, शिंगे आवरलेली आणि पाठीवर सर, अशी काजळी उभी राहिली. तिने चिखलाची गोष्ट सांगितली. बैल हमसून हमसून रडले. गोष्ट संपली की पाणी मागायचे असे तिने ठरवले होते; पण असा काही जयजयकार उठला की तिने मनाशी म्हटले, हा जरा शमू दे. तो शमला तेव्हा दरबार उठलेला होता. तुमच्या संस्कृतीचा पुरता मान राखून मदत पोचेल, असे सरकारांनी जाता जाता सांगितले.

काजळी धावतच डोहावर आली. “येतंय! तात्या, येतंय!” जी उठू शकत होती ती जनावरे काठावर येऊन उभी राहिली.

आले ते गाडे. ओढायला अर्थातच रेडे होते. गाड्यांत काळाभोर, घट्ट मळलेला चिखल होता, मुलखातला सर्वांत उत्तम. तो डोहात ओतला गेला आणि तळाची उरलीसुरली ओलही त्याच्याखाली गडप झाली. मागोमाग सरकार आणि सगळा दरबार आला. त्यांनी चिखलात चार पावले टाकली आणि आम्हाला इथे खूप शिकायला मिळाले, असे भाषण केले.

“सरकार, पाणी...” काजळीने तोंड उघडले.

“श्वास,” वरून सर पुटपुटले.

दरबाराच्या चकचकीत खुरांना चिखल लागला होता. लगेच हंडे आले, काठोकाठ भरलेले. सेवकांनी एकेका बैलाचे चारही पाय नीट धुतले आणि ते गढूळ पाणी उताराने वाहू लागले. पहिले धावले ते धोंडूतात्या. मग तट्टे, शेळ्या, सगळीच. मातीत मुरण्याआधी त्या काळ्या ओघळाला तोंड लावायला त्यांची झुंबड उडाली.

“बघा,” सरकार गहिवरून म्हणाले, “चिखलाची केवढी ओढ!”

काजळीनेही गुडघे टेकले आणि ओघळात तोंड घातले. पाठ एकाएकी उतरती झाल्यामुळे बगळेसर किंचित घसरले. मग त्यांनी नखे रोवली आणि तोल सावरला.