तिसरा पेला

भुजंगराव देशोदेशीच्या व्हिस्क्या चाखून त्यांना गुण देत आणि गावाला मात्र स्वतःच्या भट्टीची दारू पाजत. ती पिऊन चौघं मेले. त्यांत सगुणाचा नवरा होता. चौकशीला आलेल्या तहसीलदारांना भुजंगराव म्हणाले, "माझ्या दारूत खोट नाही."

"मग तिलाही गुण द्या," म्हणत सगुणाने नवऱ्याची उरलेली बाटली पदराखालून काढली.

भुजंगरावांनी ऐटीत तीन पेले भरले. स्कॉटलंडची गिळून नव्वद गुण दिले, जपानची गिळून पंच्याऐंशी. भट्टीची तोंडात घोळवून खिडकीबाहेर थुंकले. "पंच्याण्णव."

तहसीलदार खिडकीबाहेर डोकावले.

"चाखून थुंकायचीच रीत असते, साहेब."

"तुम्हाला ती तिसऱ्या पेल्याला आठवली," सगुणा म्हणाली. "माझ्या नवऱ्याला कुणी सांगितलीच नाही."