झुंबर कोंबडीचा जरीचा अंगरखा

फार पूर्वी पक्ष्यांच्या राजधानीत मैनाबाईंचं कपड्यांचं झकपक दुकान होतं. राजवाड्यातल्या मेजवानीसाठी झुंबर कोंबडीने तिथून जरीचा घट्ट अंगरखा घेतला.

"पंख मात्र पसरू नका हं, शिवण उसवेल," मैनाबाईंनी बजावलं.

झुंबर ऐटीत निघाली. मागोमाग तिची पिल्लं दुडुदुडु धावत होती. इतक्यात वर घार घिरट्या घालू लागली.

"आई गं!" पिल्लं किंचाळली.

झुंबरने झटकन पंख पसरले. अंगरखा टर्रकन फाटला, पिल्लं आत शिरली आणि घार हात हलवत परत गेली.

झुंबर तशीच, पिल्लांना घेऊन मेजवानीला पोहोचली. सगळे टकमक बघू लागले.

हंसराणीने कौतुकाने विचारलं, "ही नवी फॅशन कुणाची गं?"

झुंबर हसून म्हणाली, "माझ्या पिल्लांची, राणीसाहेब!"