गॅस्केटने दिलेली जागा

एकदा एक वस्ताद होते. फाउंड्र्यांच्या एका गावात मोटारींची इंजिने दुरुस्त करण्यात त्यांचे सबंध आयुष्य गेले. त्या दिवशी त्यांनी उजव्या कानावर हात ठेवला होता की डाव्या, हे त्यांच्या शिष्याला आता खात्रीने आठवत नाही. कधी उजवा वाटतो, कधी डावा. तो स्वतःच आता वृद्ध झाला आहे, आणि मनातल्या मनात ही गोष्ट त्याने इतक्या वेळा उलगडली आहे की घडीवरच कापड विरले आहे. बाकीचे मात्र, निदान त्याच्या समजुतीप्रमाणे, असे घडले.

शिष्य इंजिनिअरिंगची पदवी घेऊन वस्तादांकडे शिकायला आला होता. त्याचे गणित पक्के होते, कान कच्चा. वस्तादांचे नेमके उलट. त्यांच्याजवळ लाकडी मुठीचा एक लांब पेचकस होता. त्याचे टोक चालू इंजिनावर टेकवायचे, मूठ कानाशी धरायची, डोळे मिटायचे आणि आतले दुखणे सांगायचे, अशी त्यांची रीत. ऐकल्याशिवाय एकही गाडी ते बाहेर सोडत नसत. ऐकून झाले की बॉनेटवर थाप मारून एवढेच म्हणत, "जा बाबा."

एके दिवशी गुळाच्या एका व्यापाऱ्याने आपली टर्बोची स्पोर्ट्स कार ओढून आणली. घाटातल्या चढाच्या शर्यतीत त्याचा धाकटा भाऊ ती चालवत असे. टर्बो म्हणजे इंजिनात हवा कोंबणारे यंत्र. जितकी हवा कोंबावी तितकी ताकद वाढते. पण अति झाले की आतले मिश्रण ठिणगीची वाट न पाहता आपणच भडकते आणि पिस्टनवर घणाचे घाव बसू लागतात. या गाडीचा एक पिस्टन असाच तडकला होता.

"कमी कॉम्प्रेशनचे पिस्टन मागवावे लागतील," वस्ताद म्हणाले. "दोन महिने धरा."

"शर्यत बारा दिवसांवर आलीय, वस्ताद! आहेत तसलेच पिस्टन घाला आणि गॅस्केट जाड टाका. सगळे तेच करतात म्हणे."

"करतात ना. त्या सगळ्यांच्या गाड्या माझ्याकडंच येतात, शेठ. ढकलत."

पण व्यापारी हटेना, आणि भाऊ केविलवाणा चेहरा करून उभा. अखेर वस्तादांनी मान्य केले. इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचे हेड यांच्यामध्ये एक पातळ गॅस्केट, म्हणजे सांधा घट्ट बंद ठेवणारा पत्रा, असते. तिथे त्यांनी जाड गॅस्केट घातले. हेड किंचित वर उचलले गेले, पिस्टनच्या माथ्यावर थोडी जागा झाली आणि कॉम्प्रेशन, म्हणजे आतले मिश्रण आवळले जाण्याचे प्रमाण, उतरले.

त्यानंतर वस्तादांनी जे केले ते पाहून शिष्य चक्रावला. टर्बोचा दाब ठरवणारा स्क्रू त्यांनी पूर्वीच्याच खुणेवर आणला आणि कानस घेऊन त्याचे डोके घासून गुळगुळीत केले. आता तो कोणालाच फिरवता येणार नव्हता.

"अहो, मग जाड गॅस्केट कशासाठी घातलं?" व्यापारी कळवळला. "गाडी आधीपेक्षा मंद झाली की!"

"मंद झाली, पण वर पोचेल."

व्यापारी पाय आपटत निघून गेल्यावर शिष्याने विचारले, "वस्ताद, कॉम्प्रेशन उतरवलं ते दाब वाढवता यावा म्हणूनच ना?"

वस्तादांनी कानस पुसून ठेवली. "इंजिनिअर, ही जागा आपण इंजिनाला दिलीय, शेठना नाही. बिचारं गुदमरत होतं, त्याला श्वास घेता यावा म्हणून दिली. आणि ती जागासुद्धा फुकट मिळालेली नाही. हेड उचललं की पिस्टनच्या काठाशी फट वाढते. तिथं मिश्रण रेंगाळतं, आणि रेंगाळलेलं आधी भडकतं. एक दुखणं उतरवलं आणि दुसऱ्याला ओसरी दिली. माणसाचं कसं असतं, मोकळी जागा दिसली की त्याचा हात शिवशिवतो. आजवर कुणी ती मोकळी ठेवलेली मी पाहिली नाही. म्हणून डोकंच घासलं."

शिष्याने मान डोलावली. त्याला पटलेही असावे.

दोन दिवसांनी व्यापाऱ्याने त्याला गाठले. "इंजिनिअरसाहेब, वस्ताद थोर आहेत, पण आता वय झालं. तुमचं गणित काय म्हणतंय?"

गणित व्यापाऱ्याच्या बाजूचे निघाले. शिष्याने ते तीनदा तपासले. काठावरची फट मात्र त्यात एकदाही धरली नाही. शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी वस्ताद घरी गेल्यावर त्याने जुना स्क्रू ड्रिलने पोखरून काढला, नवा बसवला आणि दाब वाढवला. व्यापाऱ्यालाही त्याने हे सांगितले नाही. मग कोणाला संशय येऊ नये म्हणून नव्या स्क्रूचे डोकेही त्याने कानशीने तसेच घासले. घासताना वस्तादांचीच लकब हाताला आली, याचा त्याला अभिमान वाटला.

सकाळी वस्तादांनी पेचकस टेकवला, डोळे मिटले. आवाज स्वच्छ होता. असला दोष इंजिन जागेवर चालू असताना बोलतच नाही. तो चढावर, ओझ्याखाली बोलतो. "जा बाबा," ते म्हणाले.

घाटाच्या पायथ्याशी निशाण पडले. गाडी पहिल्या चढाला लागली, आणि जुन्या टायरवर बसलेले वस्ताद ताडकन उभे राहिले. त्यांनी शिष्याचे मनगट इतके आवळले की बांगडीसारखा वळ उठला. शिष्याला काहीच ऐकू आले नव्हते. मग तिसऱ्या वळणावरून इंजिन फुटल्याचा आणि गाडी आदळल्याचा आवाज आला, तो सगळ्यांनीच ऐकला.

भाऊ वाचला. त्याचा उजवा पाय मात्र गुडघ्यात पुन्हा कधी वाकला नाही.

"कोणी केलं हे? कोणी?" व्यापारी ओरडत होता. शिष्याने तोंड उघडले. तेवढ्यात वस्तादांनी कानावर हात ठेवला.

"कान गेलेत माझे, शेठ. सकाळी ऐकलं, पण मला काही कळलं नाही. चूक माझी."

मग ते शिष्याकडे पाहत थांबले. बराच वेळ थांबले. ती जागा त्याला बोलण्यासाठी दिलेली होती, हे शिष्याला तेव्हाही कळले होते. ती त्याने मौनाने भरून टाकली. वस्तादांनी पेचकस त्याच्या हातात दिला. "आता तूच ऐक."

त्यानंतर त्यांनी इंजिनाला हात लावला नाही. गाव त्यांच्याशी ओरडून बोलू लागले. चहाच्या गाड्यावर लोक त्यांची नक्कल करत. वस्तादही कानामागे पंजा धरून "आँ?" म्हणत. शिष्यही मोठ्याने बोलू लागला. कान खरोखरच गेले असतील तर निम्मी चूक त्यांची, असा हिशेब त्याने मनाशी बसवला होता. त्या निम्म्यावर तो जगला. चार वर्षांनी वस्ताद वारले. पाय धरायचे राहून गेले.

पुष्कळ वर्षांनी वस्तादांच्या मुलीने ट्रंक आवरताना सापडलेला एक कागद त्याला आणून दिला. फाउंड्र्यांच्या आवाजामुळे गावातल्या सगळ्याच कारागिरांच्या कानांची तपासणी झाली होती, त्यातला तो वस्तादांचा अहवाल होता. शिष्याने त्यावरचा शिक्का पाहिला, वस्तादांची सही ओळखली, तारीख दोनदा वाचली. शर्यतीच्या नऊ दिवस आधीची होती. दोन्ही कान निर्दोष होते.