शिक्क्याचं शुल्क

“एका शिक्क्याला रुपया? अहो, माझं अख्खं माप आठ आण्यांचं आहे!” सगुणा तेलीण चावडीत कडाडली.

“मग शिक्क्यावाचून घरी जा,” दिवाण त्रिंबकपंत म्हणाले. “महाराजांचा नवा हुकूम आहे. सरकारी सेवेला जो खर्च येतो तो सेवा घेणाऱ्यानं भरायचा. पै न पै!”

अंबरडोहात दर दिवाळीला तेल्या-गवळ्यांच्या मापांवर सरकारी शिक्का मारत. शिक्का नसेल त्यानं बाजारात बसायचं नाही. उद्या दिवाळीचा बाजार. घरी तेलाचे बुधले भरलेले आणि बाप अंथरुणाला खिळलेला.

सगुणानं चावडीभर नजर फिरवली. कोपऱ्यात एकटा लोहार घामाघूम होऊन शिक्के ठोकत होता. गाद्यांवर चार म्हातारे लोडाला टेकले होते. दिवाणांचे चुलते डोळे मिटून देखरेख करत होते. सासरे त्या देखरेखीवर घोरत नजर ठेवत होते. मामा पानं लावत होते, साडू ती खात होते. पिकलेले केस सोडले तर चौघांनी जन्मात काही कमावलं नव्हतं!

ती तडक दरबारात गेली. “महाराज, शुल्क कमी करा!”

राजा भुजंगराव हट्टाचा पक्का. “हुकूम बदलणार नाही! खर्च सेवा घेणाऱ्याकडूनच वसूल होणार, आणि खजिन्याला पैचीही खोट येता कामा नये. हे सांभाळून शुल्क कमी करून दाखव! दिवस मावळेपर्यंत नाही जमलं, तर माप जप्त!”

“पोरी, मोठ्यांशी वाद घालू नये,” दिवाण खेकसले.

“मोठ्यांनी तशी वेळ आणू नये!”

सगुणानं राजाला आणि दिवाणांना चावडीच्या मागच्या खिडकीशी उभं केलं. स्वतः पुढच्या दारात जाऊन ओरडली, “राजवाड्यात पुरणपोळ्यांची पंगत बसली हो! तूप संपत आलंय!”

चुलत्यांचे डोळे टक्क उघडले. सासऱ्यांचे कायमचे दुखणारे गुडघे एकदम बरे झाले. “सरका, आधी मी!” करत चौघे धावत सुटले. साडूंचा एक जोडा दारातच राहिला.

लोहार मात्र जागचा हलला नाही. “आपल्याला कोण विचारतंय!” म्हणत त्यानं घाव घातला. ठण्! ठण्!

“चौघे गेले, महाराज. शिक्का थांबला?”

“नाही.”

“लोहारदादा, जरा पाणी प्या बरं.” चावडी चिडीचूप झाली. “आता?”

“आता थांबला.”

“म्हणजे शिक्क्याचा खर्च लोहाराची मजुरी आणि कोळसा. हे घ्या दोन पैसे!”

“आणि गाद्या, लोड, पानसुपारी?” दिवाण किंचाळले. “तो खर्च कोण भरणार? ही खजिन्याला खोटच की!”

“खोट कसली? सेवा घेणाऱ्यानं भरायचा, तुम्हीच सांगितलंत. गादीची सेवा कुणी घेतली, दिवाणजी? मी तर उभी होते!”

तेवढ्यात चौघे धापा टाकत परतले. “पंगत कुठंय?”

“पंगत उठली, काका! आता वसुली बसलीय!” म्हणत राजा इतका हसला की पगडी डोळ्यांवर आली. त्यानं स्वतः हातोडा घेऊन सगुणाच्या मापावर शिक्का मारला, वाड्याच्या पणत्यांचं सगळं तेल तिच्याकडूनच घ्यायचं ठरवलं आणि चौघांच्या गाद्यांतली सगळ्यात मऊ गादी तिच्या बापासाठी तिच्या खांद्यावर दिली.

“आणि ह्या गादीचं शुल्क, महाराज?” सगुणानं विचारलं.

“ते दिवाण भरतील!” राजा म्हणाला, आणि पुन्हा खो खो हसत सुटला.