भाड्याचे बैल आणि घाटाची वाट

पूर्वी अश्मक देशातील पोतन नगरात सुबाहू नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने एका व्यापाऱ्याच्या घरी जन्म घेतला. वयात आल्यावर त्याने वेणुक नावाच्या मित्राशी भागीदारी केली आणि दोघे घाटाच्या पायथ्याशी येऊन राहिले. समुद्रकाठचे मीठ आणि सुकी मासळी भरलेल्या गाड्या या घाटाने पोतनाकडे जात. चढ असा उभा होता की एका जोडीने गाडी ओढवत नसे. म्हणून हे दोघे गाडीवानांना बैल विकत.

वेणुक बोलण्यात पटाईत होता. बैलाच्या पाठीवर थाप मारून तो त्याचे गुण सांगू लागला की गिऱ्हाईक रिकाम्या हाताने जात नसे. पण माथ्यावर पोचताच गाडीवानाला तोच बैल जड होई आणि पडेल त्या भावाने तो विकून टाकी, हे बोधिसत्त्वाने पाहिले. तो म्हणाला, "वेणुका, या लोकांना फक्त चढ चढायचा आहे. आपण चढापुरती जोडी भाड्याने देऊ. आपला माणूस बरोबर जाईल आणि बैल परत आणील."

वेणुकाला ते पटले नव्हते. मित्राच्या शब्दाखातर तो कबूल झाला. हंगाम संपण्याआधीच त्याचे मत बदलले. एकदा विकून हातचा जाणारा बैल आता पुन्हा पुन्हा मिळवून देत होता आणि गाडीवानही खूश होते. वेणुकाने माडीचे घर बांधले.

घाटाच्या मध्यावर एक अरुंद वळण होते. एका अंगाला खोल दरी, दुसऱ्या अंगाला कड्यातून झिरपणारे पाणी. पावसाळा सरता सरता तिथली कड खचली आणि मल्लक नावाच्या मीठवाल्याची गाडी बैलांसकट दरीत गेली. मल्लक वाचला, पण त्याचा एक पाय चिरडला. त्याला झोळीतून खाली आणले तेव्हा त्याची बायको सामा बैलांची नावे घेऊन रडत होती.

त्यानंतर घाबरलेले गाडीवान एकीऐवजी दोन दोन जोड्या मागू लागले. वेणुक हात चोळत म्हणाला, "मित्रा, ही वाट म्हणजे आपली दुभती गाय. अशीच राहो!"

बोधिसत्त्व त्या दिवशी जेवला नाही. संध्याकाळी तो म्हणाला, "मल्लकाचा पाय गेला आणि आपल्या दारी गर्दी झाली. वाट जितकी वाईट तितकी आपली भरभराट. वेणुका, मी ती वाट नीट करणार आहे."

"वेड लागलंय का तुला? बसल्या फांदीवर कुऱ्हाड घालतोस? मग खाणार काय?"

"ते मला अजून ठाऊक नाही."

वेणुकाने पुष्कळ समजावले, मग तो रागावला, आणि शेवटी भागीदारी मोडली. बैल वेणुकाने घेतले. बोधिसत्त्वाने आपला वाटा पैशात घेतला, पाथरवट बोलावले आणि घाटात काम सुरू केले. उभा चढ फोडून एका जोडीला झेपेल असा केला, वळण रुंद झाले, दरीच्या बाजूने दगडी बांध उभा राहिला, कड्याच्या पाण्याला चर काढून दिला. काम पुरे होईतो त्याची थैली रिकामी झाली.

राजाचा अधिकारी वाट पाहायला आला. तो म्हणाला, "वाट तुझ्या पैशाने झाली आहे. महाराजांना सांगून तुला जकात लावून देतो. बसून खाशील."

"साहेब, जकात लावली की सर्वांत आधी गरिबाची गाडी थांबेल," बोधिसत्त्व म्हणाला. "ज्याच्यासाठी वाट केली, तोच ओझे डोक्यावर घेऊन रानातल्या पायवाटेने जाईल."

तो काही दिवस घाटमाथ्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्या गाड्या न्याहाळत राहिला. मिठाच्या गाड्या भरून वर येत, पोतनापर्यंत जात आणि रिकाम्या परतत. कापूस आणि गूळ घेऊन पोतनाहून खाली गेलेल्या गाड्याही रिकाम्याच वर येत. प्रत्येक बैलाची अर्धी मेहनत हवेत विरत होती. बोधिसत्त्वाने उधारीवर बांबू-गवत आणून माथ्यावर एक वखार घातली. मीठवाल्याने तिथे मीठ उतरवावे आणि कापूस भरून परतावे. कापूसवाल्याने मीठ घेऊन जावे. दोघांचा अर्धा प्रवास वाचला. माल सुरक्षित राखणे आणि वजन खरे ठेवणे एवढे बोधिसत्त्वाने अंगावर घेतले. त्याबद्दल लोक आपणहून त्याला थोडा माल काढून देत. गाड्या वाढल्या, तसा तो थोडा भागही वाढला.

इकडे वेणुकाच्या गोठ्यात बैल उभ्या उभ्या वैरण खात होते. गाडीवान हसतमुखाने रामराम करीत आणि पुढे जात. त्याने काही बैल विकले, मग माडीवरची खोली धान्यवाल्याला भाड्याने दिली. वर वखारीकडे चढणाऱ्या गाड्यांची घुंगरे ऐकू आली की तो गोठ्याचे दार लावून घेई. एके दुपारी तो पहार घेऊन निघाला. बांधातले दगड ढिले केले तर पुढच्या पावसात वळण आपोआप खचेल, आणि कोणाला कळणारही नाही, असे त्याने ठरवले होते.

पहिला दगड हलला तोच गाडी आली. गाडीवर मल्लक होता, शेजारी सामा. वेणुकाने पूर्वी त्यांना जवळून पाहिले नव्हते, पण मल्लकाचा अधू पाय पाहून ओळखले. पहार लपवायला जागा नव्हती.

मल्लकाने गाडी थांबवली. "दगड निसटला की काय, दादा? बरं झालं तुम्ही बघितलंत." आणि तो काठी टेकत खाली उतरला.

"तुम्ही नका येऊ," वेणुक कसाबसा म्हणाला.

"नको कसं? याच वळणानं माझा पाय नेला. दुसऱ्याचा जाऊ नये." मल्लकाने पहारीचे दुसरे टोक धरले. दोघांनी जोर लावून दगड पूर्ववत बसवला, फटीत कपच्या ठोकल्या. सामाने शिदोरी सोडून भाकरी वेणुकासमोर ठेवली. "खा, दादा. तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून मी यांना पुन्हा घाटात येऊ देते."

वेणुकाने भाकरी न खाता उपरण्यात बांधून घेतली. गाडी दृष्टिआड झाल्यावर तो बराच वेळ बांधाला टेकून बसला. मग खाली जाण्याऐवजी वर चढला आणि वखारीत जाऊन बोधिसत्त्वाला सारे सांगितले. शिव्या ऐकण्याच्या तयारीनेच तो आला होता.

बोधिसत्त्वाने विचारले, "तो दगड आता कसा बसलाय?"

"पहिल्यापेक्षा घट्ट."

"बैल उरलेत का काही?"

"आहेत. कशाला?"

"वाटेपासून आत डोंगरात गावं आहेत. तिथं नाचणी पिकते, मध मिळतो, पण गाड्या नाहीत. माल तिथंच कुजतो. तू बैल घेऊन जा. आधी काही मागू नको. माल इथं विकला गेला की त्यातला ठरलेला वाटा घे. त्यांचं जितकं पिकेल, तितकं तुझंही बरं होईल."

वेणुक दुसऱ्या दिवशी सकाळी बैल घेऊन डोंगरात गेला. पुढे त्याच्या येण्याची त्या गावांतली माणसे वाट पाहू लागली.

औषध अर्धेच देऊन रोगी हाताशी ठेवणाऱ्या एका वैद्याची गोष्ट विहारात निघाली होती, तेव्हा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, ही कथा सांगितली. ऐकता ऐकता तिथेच बसलेला तो वैद्य मान खाली घालून उठला आणि आपल्या रोग्यांकडे गेला. मग शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, त्या काळचा वेणुक तो हाच वैद्य. मल्लक आणि सामा म्हणजे नगरवेशीपाशी पाणपोई चालवणारे जोडपे. आणि वाट बांधणारा व्यापारी मी स्वतः होतो. लोकांचे दुःख टिकावे असे जिच्यापायी वाटू लागते, ती उपजीविका सोडावी. लोकांचे बरे झाले की जिचे बरे होते, ती धरावी. यालाच सम्यक् आजीव म्हणतात."