चिंच काढलेली अळूवडी

एक होता राजा. नाव त्याचं चांगलं लांबलचक होतं, पण मागून सगळे त्याला हुंगराजा म्हणत. का? तर तो आधी हुंगायचा आणि मग बोलायचा. पाणी दिलं, हुंगलं. विडा दिला, हुंगला. फूल दिलं तर फूलही हुंगायचा. फूल हुंगायचंच असतं म्हणा, पण हा हुंगून झाल्यावर माळ्याकडे असा बघायचा, की माळी दोन दिवस अंथरुणातून उठायचा नाही.

आता हे वेड त्याला लावलं कोणी? तर त्याच्या मुदपाकखान्यात, चुलीच्या वरच्या तुळईवर, एक पाल राहायची. राजा तिथेच पाट मांडून जेवायचा. डोळ्यांसमोर शिजलेलं बरं म्हणून, बरं का! पण घास तोंडाशी नेला रे नेला, की वरून पाल करायची, "चुक् चुक् चुक्!"

पाल चुकचुकली की काहीतरी वाईट, असं राजाला लहानपणापासून माहीत. मग तो "कृष्ण कृष्ण" म्हणायचा, घास टाकायचा, हात धुवायचा आणि आचाऱ्याला बुरुजात कोंडायचा. असे अकरा आचारी बुरुजात गेले. राजा उपाशी राहून राहून सुकला. इतका सुकला, की मुकुट डोक्यावरून घसरून गळ्यात आला. हसू नका, मी त्या मुकुटाचा वळ पाहिलेल्या माणसाला ओळखते.

मग बारावा गेला सदोबा. त्याचा गुन्हा काय? वरणाला फोडणी देताना शिंकला.

सदोबाची बायको आवडाबाई. ती पदर खोचून थेट मुदपाकखान्यात आली. "महाराज, आमच्या ह्यांना सोडा."

"त्याने वरणावर मंत्र टाकला," राजा म्हणाला.

"शिंकले हो ते! मिरचीच्या फोडणीला कोण शिंकत नाही?"

"मी नाही शिंकत."

"तुम्ही फोडणीचं खाऊन किती दिवस झाले, महाराज?"

राजाच्या पोटात गुर्र झालं, ते सगळ्यांनी ऐकलं.

मग आवडाबाई म्हणाली, "असं करा. तुम्ही जेवूच नका. नुसतं काहीतरी तोंडी लावा. भाद्रपद आहे, परस नुसता भरून आलाय. तुमच्यादेखत तोडीन, तुमच्यादेखत करीन. एक घास तुमच्या घशाखाली उतरला, तर बाराही जणांना सोडायचं."

"आणि नाही उतरला तर?"

"तर मीही जाते बुरुजात. तेवढंच ह्यांचं तोंड दिसेल."

"तीन दिवस," राजा म्हणाला. आणि तिचा पदर हुंगला.

पहिल्या दिवशी आवडाबाईने वेलीवरून कोवळी काकडी तोडली. राजा मागे मागे. तिने काकडीचं टोक कापलं आणि तेच टोक काकडीवर गोल गोल घासलं. तुमची आई घासते तसंच. वर पांढरा फेस आला.

"फेस!" राजा ओरडला. "विष!"

"अहो, कडूपणा निघतोय तो. हा बघा, पुसून टाकला."

मग तिने काकडी बारीक चोचवली. ओलं खोबरं, दाण्याचं कूट, मीठ, चिमूटभर साखर, लिंबू, वर जिरं-मिरचीची फोडणी. असा वास सुटला, की दारावरचा पहारेकरी भाला विसरून आत डोकावला. राजाने घास उचलला. ओठाशी नेला.

"चुक् चुक् चुक्!"

"कृष्ण कृष्ण!" घास खाली. राजा हात धुवायला गेला. आवडाबाई वाकून बघते, तर सांडलेली काकडी गायब! वाटीही चाटून लख्ख. आणि वर तुळईवर पाल. सकाळी बोटाएवढी होती, आता मनगटाएवढी.

आवडाबाई मान वाकडी करून वर बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी तिने ओव्याची पानं खुडली. जाडसर, लवदार. बेसन भिजवलं, हळद, तिखट, मीठ, वरून चमचाभर कडकडीत तेल. पान बुडवलं आणि सोडलं कढईत. पहिलं भजं फुलून वर आलं, ते तिने काढून चुलीत टाकलं. अग्नीचा मान पहिला. आपल्या घरात कोणाला ठाऊक नाही?

पण हुंगराजा! "पहिलं विस्तवाला का दिलं? पुरावा जाळलास!"

"बरं, दुसरं मी खाते," आवडाबाई म्हणाली आणि कुर्रकन भजं खाल्लं. राजाने बराच वेळ तिच्याकडे पाहिलं. ती पडते का, डोळे फिरवते का. ती कुठली पडतेय! तिने तिसरंही खाल्लं. मग राजाच्या तोंडाला जे पाणी सुटलं, ते गळ्यातल्या मुकुटात साठलं. त्याने भजं उचललं.

"चुक् चुक् चुक्!"

"कृष्ण कृष्ण!" राजा पुन्हा हात धुवायला. आवडाबाईने या वेळी पाठ फिरवली आणि पितळेच्या तांब्यात मागचं सगळं बघितलं. पाल सरसर उतरली, भज्यांचं ताट फस्त केलं, ढेकर दिला आणि वर गेली. आता ती मांजराएवढी झाली होती. तुळई करकरली.

आता संशय कोणाला आला? आवडाबाईला! 'अस्सं,' ती मनात म्हणाली. 'हे चुकचुकणं राजासाठी नाही. राजाच्या ताटासाठी आहे.'

उरला एक दिवस. सांगितलं असतं तर राजाला पटलं असतं? छे! पाल त्याची एकुलती एक विश्वासाची होती.

तिसऱ्या दिवशी तिने अळूची मोठमोठी पानं आणली. शिरा सोलल्या, पानं उलटी पसरली. बेसनात तिखट, गूळ, तीळ घातले आणि चिंचेचा दाट काळा कोळ ओतायला वाटी उचलली.

"थांब!" राजाने हात धरला. "हे काळं काय?"

"चिंच, महाराज. चिंचेशिवाय अळू घशाला खाजतं."

"विष घालणारा असंच सांगणार. ते घालायचं नाही!"

आवडाबाईने हळूच तुळईकडे पाहिलं. मग गोड आवाजात म्हणाली, "बरं. एक उंडा तुमच्या हुकमाचा, बिनचिंचेचा. एक माझ्यापुरता, चिंचेचा. त्याला दोरा बांधते."

पानावर पीठ, पिठावर पान, असे थर लावून दोन्ही गुंडाळले, वाफवले, कापले, तळले. राजाचं ताट राजापुढे, दोऱ्याच्या उंड्याच्या वड्या तिच्यापुढे. राजाने आपली वडी उचलली.

"चुक् चुक् चुक्!"

"कृष्ण कृष्ण!" वडी खाली.

आज पालीला धीर निघेना. राजा उठायच्या आत धप्पकन खाली पडली आणि राजाच्या ताटातल्या सगळ्या वड्या एका दमात गिळल्या. मग थांबली. डोळे मोठे झाले. मान अशी झाली, तशी झाली. घसा भिंतीवर घासला, खांबावर घासला. चुकचुकायला तोंड उघडलं, तर आवाज आला, "ख्र्र. ख्र्र."

राजा बघतच राहिला. "हिने माझं ताट खाल्लं?"

"रोजच खाते, महाराज." आवडाबाईने आपली वडी तोंडात टाकली. कुर्रम्. "बिनचिंचेचं आज पहिल्यांदाच खाल्लं."

राजाने पालीकडे पाहिलं. मग चिंचेच्या वाटीकडे. मग हळूच हात लांब करून तिच्या ताटातली वडी उचलली. ओठाशी नेली. कान टवकारले. वरून काही नाही. खालून नुसतं, "ख्र्र."

आणि वडी गेली घशाखाली! न हुंगता, बरं का!

दुसरी गेली, तिसरी गेली. मग राजाने भरल्या तोंडाने "म्म! म्म!" करत बुरुजाच्या किल्ल्या फेकल्या. बारा आचारी धावत आले आणि सगळे एकदम ताटावर पडले. सदोबाने एक वडी खाल्ली, जरा विचार केला आणि म्हणाला, "मीठ कमी आहे गं."

"परत जायचंय का बुरुजात?" आवडाबाई म्हणाली. सदोबाने मुकाट्याने दुसरी वडी घेतली.

पुढे राजाचा मुकुट पुन्हा डोक्यावर बसला, सदोबा हवा तेवढा शिंकला, आणि ज्याची त्याची चूल वेळेवर पेटली. पाल उपाशी राहून पुन्हा बोटाएवढी झाली. ती बघा आपल्या भिंतीवर, दिव्याच्या मागे. काही करत नाही, नुसती ताटं मोजते. आपली ताटं घासून झालीत. तेव्हा तिच्याकडे बघू नका, डोळे मिटा. आणि मघाशी पांघरुणात शेंगदाणे कोण खात होतं, ते मी सकाळी हुंगून ओळखणार आहे.